दहा मिलिव्होल्टची गोष्ट

मंडळाच्या निधी संकलनाच्या संध्याकाळी केलेले भाषण



कार्यकारिणीने मला पंधरा मिनिटे दिली आहेत. माझ्यानंतर गाण्याचा कार्यक्रम आहे आणि तबलजी आत्तापासूनच माझ्याकडे कसे बघताहेत ते मला इथून दिसते आहे. तरी पण आधी एक कबुली देते.

तीन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, याच माइकवरून मी तुमच्याकडे पैसे मागितले होते. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला माझे आजोळ आहे. त्या गावाला पाण्यातले फ्लुओराइड मोजायचे मीटर द्यायचे होते. तुम्ही भरभरून दिलेत. मीटर गेले, हार घातलेला त्याचा फोटो आला, तो आपल्या स्मरणिकेत छापलाही. आणि त्या मीटरने गावाला जवळजवळ दीड वर्ष चुकीचा आकडा दाखवला.

मीटर बिघडलेले नव्हते. विकणाऱ्याने फसवले असेही नाही. चूक माझी होती, आणि आज पुन्हा हात पसरायला उभी आहे तर काय चुकले ते तुम्हाला कळायलाच हवे. त्यासाठी थोडे इलेक्ट्रॉनिक्स ऐकावे लागेल. मी आता दिवसभर सॉफ्टवेअर लिहिते, पण डिग्री इन्स्ट्रुमेंटेशनची आहे. ती कधीतरी उपयोगी पडावी ना!

तर फ्लुओराइड. टूथपेस्टमध्ये असते तेच. थोडे असले तर दातांना चांगले. आपल्या इथे ज्या गावांच्या नळाच्या पाण्यात ते मुद्दाम घालतात त्यांच्यासाठी २०१५ साली लिटरला ०.७ मिलिग्रॅम अशी शिफारस झाली. पण तेच जास्त झाले की वाढत्या वयात मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि वर्षानुवर्षे बरेच जास्त पोटात गेले की हाडे आणि सांधे आखडतात. भारतात हाडांचा हा आजार १९३७ साली त्या वेळच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून पहिल्यांदा नोंदला गेला. हे काही कारखान्याचे प्रदूषण नव्हे. जमिनीखालचा खडकच पाण्यात हळूहळू विरघळतो. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अशी गावे आहेत. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लुओराइड असावे, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही दीडच.

रंग नाही, वास नाही, चव नाही. मग मोजायचे कसे? इथे आपला इलेक्ट्रोड येतो, आणि अभिमानाने सांगते, तो आपल्या गाववाल्यांचा आहे. १९६६ साली मार्टिन फ्रँट आणि जेम्स रॉस या दोघांनी तो जाहीर केला, बॉस्टनला नदीपलीकडे खेटून असलेल्या केंब्रिजमध्ये. आपण ज्या रस्त्यांवर पार्किंग शोधत फिरतो ना, तिथेच!

दिसायला जाड पेनासारखा. टोकाला काही मिलिमीटरची एक चकती बसवलेली असते, लँथॅनम फ्लुओराइडच्या स्फटिकाची. ही चकती म्हणजे मेम्ब्रेन, पडदा. सगळी गंमत या पडद्यात आहे. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, पण या स्फटिकातून वाहतो तो फ्लुओराइडचा आयन, म्हणजे विजेचा भार असलेला कण. दुसरे काही नाही. घट्ट स्फटिकातून तो सरकतो कसा? मुंबईच्या लोकलचा डबा आठवा. सगळ्या सीट भरलेल्या, मध्येच एक जण उतरला. शेजारचा सरकला, त्याच्या जागी तिसरा सरकला, आणि रिकामी सीट खिडकीपर्यंत पोचली. स्फटिकात अगदी हेच होते. त्यातल्या काही जागा रिकाम्या असतात आणि फ्लुओराइड एकेका जागेने सरकत जाते. शुद्ध स्फटिकात अशा रिकाम्या जागा फार कमी, त्यामुळे विजेला विरोध फार. म्हणून फ्रँट आणि रॉस यांनी त्यात चिमूटभर युरोपियम मिसळले. लँथॅनमचा एक अणू तीन फ्लुओराइड सांभाळतो, युरोपियम दोनच. त्यामुळे जिथे जिथे युरोपियम बसते, तिथे एक सीट आपोआप रिकामी राहते. ही युक्ती मला आजही फार आवडते.

आणि या सीटा फ्लुओराइडच्याच मापाच्या आहेत. मिठातले क्लोराइड आकाराने मोठे, ते बसूच शकत नाही. हायड्रॉक्साइड तेवढे जवळपास त्याच मापाचे असल्याने अधूनमधून घुसते, म्हणून पाणी फार अल्कलीयुक्त असून चालत नाही.

आता व्होल्टेज कुठून येते? इलेक्ट्रोडच्या नळीत आतल्या बाजूला ठरावीक फ्लुओराइडचे पाणी भरलेले असते. बाहेर आपल्या विहिरीचे पाणी. दोन्हीकडे प्रमाण वेगळे, त्यामुळे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकू बघतात. पण प्रत्येक आयन आपला भार घेऊन सरकतो, म्हणून मूठभर सरकले की विरुद्ध दिशेचा विजेचा ओढा तयार होतो आणि सगळे थांबते. हा जो ताण उरतो, तोच आपण मोजतो. पाण्यातले फ्लुओराइड दहापट कमी झाले की २५ अंश सेल्सियसला हे व्होल्टेज सुमारे ५९ मिलिव्होल्टने चढते. दहापटीला ५९. मग १ मिलिग्रॅम आणि दीड मिलिग्रॅम, म्हणजे चांगले पाणी आणि मर्यादेला टेकलेले पाणी, यांच्यात फरक किती? साडेदहा मिलिव्होल्टच्या आत! टीव्हीच्या रिमोटमधला एक सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे पंधराशे मिलिव्होल्टचा. त्यातले दहा. पोरांनी कुठले पाणी प्यावे हे त्या दहावर ठरते. एक मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाला की उत्तर चार टक्क्यांनी चुकते.

आणि हे दहा मिलिव्होल्ट मोजताना पडद्यातून वीज जवळजवळ काढायचीच नाही, नाही तर ज्या ताणाला मोजायचे तोच ढासळतो. माझा स्वतःचा अनुभव सांगते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये मी शहाणपणा करून पीएच मोजायचा काचेचा इलेक्ट्रोड थेट मल्टिमीटरला जोडला. पीएच चारच्या द्रावणात १७७ मिलिव्होल्ट यायला हवे होते. आले सोळा. मी मल्टिमीटर आपटून पाहिला, वायरी बदलल्या, शेवटी सर आले आणि हसत म्हणाले, "अगं, शितावरून भाताची परीक्षा करायची असते. तू सगळं पातेलंच चाटून पुसून खाल्लंस!" काचेच्या त्या पडद्याचा विरोध शंभर मेगओहमच्या आसपास, आणि माझ्या मल्टिमीटरचा जेमतेम दहा. त्यामुळे मल्टिमीटरच्या वाट्याला व्होल्टेजचा अकरावा हिस्सा आला. पीएच मीटरच्या तोंडाशी लाखो मेगओहमचा विरोध असतो तो एवढ्यासाठीच. मग जोडणीच्या ठिकाणी बोटाचा घाम किंवा पावसाळी ओल राहिली तरी तिथून वीज झिरपते आणि आकडा पडतो.

काचेचा इलेक्ट्रोड १९०९ साली हाबर आणि क्लेमेन्सिएविच यांनी वापरून दाखवला होता, पण पंचवीस वर्षे तो प्रयोगशाळेबाहेर फारसा पडला नाही, याच अडचणीमुळे. काच पातळ करावी तर फुटते, जाड करावी तर वीज येत नाही. १९३४ साली कॅलिफोर्नियात आर्नल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायला एका मित्राला मदत म्हणून व्हॅक्यूम ट्यूबचा अँप्लिफायर जोडला, आणि जाड काचही चालू लागली. पीएच मीटरचा धंदा लिंबापासून सुरू झाला म्हणायचा.

तुमच्यापैकी ज्यांच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियमचा आकडा येतो, तोही बहुधा अशाच पडद्यातून येतो. तो प्लास्टिकचा, पीव्हीसीचा असतो आणि त्यात व्हॅलिनोमायसिन नावाचा रेणू मिसळलेला असतो, जो पोटॅशियमला मिठीत घेतो आणि सोडियमला ओळख देत नाही. पोटॅशियम ४ चे ६ झाले की डॉक्टर धावपळ करतात. व्होल्टेजमध्ये तो फरकही अकरा मिलिव्होल्टच्या आतच. असो. रक्ताच्या यंत्राची काळजी घ्यायला हॉस्पिटलमध्ये माणसे असतात. आमच्या गावात मी सोडून गेले होते फक्त मीटर.

आता गावाकडे येऊ. गावात दोन बोअर आहेत, एक हातपंप, आणि लांब शिवारात एक जुनी विहीर. बोअरचे पाणी फ्लुओराइडचे. त्यावर उपाय म्हणून टाकीत तुरटी आणि चुना घालून, घुसळून, गाळ बसवून वरचे पाणी प्यायला देतात. ही नळगोंडा पद्धत, आपल्या नागपूरच्या नीरीने १९७० च्या दशकात बसवलेली. स्वस्त आहे, वीज लागत नाही, तुरटी तर कोणत्याही दुकानात मिळते. पद्धत चांगली आहे, हे आधीच सांगते, कारण पुढचे ऐकून तुम्ही तिलाच नावे ठेवाल.

मी मीटर घेतले तेव्हा कोटेशनमध्ये एक ओळ होती, बफर द्रावणाची. प्रत्येक नमुन्यात तेवढेच बफर मिसळायचे आणि मग इलेक्ट्रोड बुडवायचा. बाटल्या जड, विमानात नेता येईनात, आणि संपल्या की पुन्हा घ्या. मी मनाशी म्हटले, बफर कशाला असते, तर सगळ्या नमुन्यांत एकूण क्षारांचे प्रमाण सारखे राहावे म्हणून. बोअरच्या पाण्यात क्षार काय कमी आहेत? ओळ खोडली. वाचलेल्या पैशांत मीटरला फोनशी जोडणारी केबल घेतली आणि तीन वीकएंड बसून आकडे नोंदवायचे सुंदर ॲप लिहिले. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी हेच केले असते!

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई मोजमाप करायच्या. अतिशय चोख. दर वेळी आधी १ आणि १० मिलिग्रॅमच्या प्रमाण द्रावणात इलेक्ट्रोड बुडवून फरक बघायच्या, तो ५८-५९ मिलिव्होल्ट आला तरच पुढे जायच्या. उन्हाळ्यात नमुना आणि प्रमाण द्रावण दोन्ही सावलीत शेजारी ठेवायच्या, कारण ४५ अंशाला तोच फरक ६३ वर जातो. बोअरचे पाणी २.९ यायचे. टाकीचे, तुरटीनंतरचे, ०.८. सगळे खूश. मी इथे बसून ॲपवर ग्राफ बघायचे आणि ऑफिसमध्ये लोकांना दाखवायचे.

मग मी गावी गेले. मामा ओसरीवर बसले होते, शेजारची चार पोरे अंगणात. मामा म्हणाले, "पोरी, तुही मशीन त पानी चांगलं म्हणते. मंग या पोरायचे दात काहून पिवये?"

खरे सांगायचे तर हा पुरावा नव्हे. दातांवरचे डाग दात घडत असतानाच्या वर्षांतले असतात, आजचे पाणी त्यात दिसत नाही. मी मामांना तेच समजावले. ते हो हो म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मला काही नीट बसू देईना. परत येताना दोन प्लास्टिकच्या बाटल्या भरून घेतल्या, एक बोअरची, एक टाकीची, आणि नागपूरला तपासायला दिल्या.

बोअर २.८. आमच्या मीटरशी जुळले. टाकी १.७.

०.८ कुठे आणि १.७ कुठे! आधी मी बाईंच्या वहीवर संशय घेतला, याची मला आजही लाज वाटते. मग इलेक्ट्रोडवर घेतला. दोघेही निर्दोष. कारण सापडले तेव्हा माझ्या हातात तुरटीचा खडा होता, अक्षरशः. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम. त्यातले थोडे पाण्यात विरघळून राहते आणि फ्लुओराइडला घट्ट धरून बसते. असे धरलेले फ्लुओराइड पाण्यातच असते, आपण पितो, पोटात जाते. पण ते मोकळे नसते, म्हणून पडद्यातल्या सीटवर येऊन बसत नाही. इलेक्ट्रोडला ते दिसतच नाही. त्याने खोटे सांगितले नव्हते. मोकळे फ्लुओराइड ०.८ आहे असे सांगितले, आणि ते खरेच होते. मी त्याला एकूण समजले.

आणि मी खोडलेले ते बफर? क्षार सारखे राखणे हे त्याचे एक काम. दुसरे, पीएच ५ ते ५.५ च्या आसपास धरून ठेवायचा, म्हणजे हायड्रॉक्साइड घुसत नाही आणि आम्ल जास्त होऊन फ्लुओराइड हायड्रोजनला चिकटतही नाही. आणि तिसरे काम, त्यात सीडीटीए नावाचे एक द्रव्य असते, जे ॲल्युमिनियमला फ्लुओराइडच्या मिठीतून ओढून स्वतःकडे घेते. फ्लुओराइड मोकळे होते, मग पडदा सगळे मोजतो. फ्रँट आणि रॉस यांनी अशा प्रकारचे बफर १९६८ सालीच छापून ठेवले होते. इलेक्ट्रोड १९६६ चा, बफर १९६८ चे, आणि मी इतक्या वर्षांनी निम्मेच वाचले.

आमच्या धंद्यात म्हणतात ना, टेस्ट केस सगळ्या पास आणि प्रॉडक्शनमध्ये बोंब. बाईंची प्रमाण द्रावणे डिस्टिल्ड पाण्यातली, त्यात ॲल्युमिनियम नाही. बोअरच्या कच्च्या पाण्यातही जवळजवळ नाही. त्यामुळे तपासणी दर वेळी पास व्हायची. चूक फक्त टाकीच्या पाण्यात, म्हणजे नेमके जे प्यायचे त्यात.

हे सांगायला मी गावी फोन केला तेव्हा बाई दोन मिनिटे काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी पालकांना सभेत सांगितलं होतं, पाणी चांगलं आहे म्हणून." बस, एवढेच. मला कुणी रागावले असते तर बरे झाले असते.

आता काय चालले आहे? बफर वापरायला लागल्यापासून टाकीचा आकडा प्रयोगशाळेशी जुळतो. तुरटीचे प्रमाण पाण्याप्रमाणे बदलत पाहिले, तेव्हा एकदा १.२ पर्यंत आले, पुढच्या महिन्यात पुन्हा वर. शिवारातल्या जुन्या विहिरीचे पाणी ०.६ निघाले, सध्या पिण्यासाठी तेच आणतात. पण ती विहीर चैत्रात तळ गाठते. मग पुन्हा टाकी, आणि पुन्हा दर आठवड्याला मोजणे आले.

म्हणून यंदाच्या पत्रकात तुम्हाला नवे यंत्र दिसणार नाही. शेजारच्या दोन गावांनी मीटर मागितले आहे, ते या वर्षी देऊ नये असे माझे मत आहे आणि कार्यकारिणीने ते मान्य केले. पैसे मागतो आहोत ते बफरसाठी. एका तपासणीला २५ मिलिलिटर लागते, महिन्याला वीस तपासण्या धरल्या तर अर्धा लिटर, प्रमाण द्रावणे वेगळी. ते तिथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बनवून घेता येते, मीठ, ॲसिटिक आम्ल, कॉस्टिक सोडा आणि ते सीडीटीए. शिवाय दर तीन महिन्यांनी दोन बाटल्या बाहेरच्या प्रयोगशाळेत, आमचा आकडा ताडून बघायला. रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे जोडीचा दुसरा इलेक्ट्रोड, त्याचे भरायचे द्रावण. ते सुकले की पडदा कितीही चांगला असला तरी आकडा भरकटतो. आणि बाईंना मानधन. त्या नको म्हणतात. माझे म्हणणे, घ्यायलाच हवे, कारण उद्या त्यांची बदली झाली तर पुढच्या माणसाने हे काम उपकार म्हणून करू नये.

मला माहीत आहे, बफरच्या बाटलीवर कुणाच्या आईवडिलांच्या स्मरणार्थ पाटी लावता येत नाही. मीटरवर लावता येते. गेल्या वेळी आपण लावलीही. यंदा फोटो मागू नका एवढीच विनंती. त्याऐवजी दर महिन्याचे आकडे, टाकीचे आणि विहिरीचे, वाईट आले तर वाईट, मंडळाच्या पत्रिकेत छापायचे असे ठरले आहे. या पुस्तिकेत पहिल्या सहा महिन्यांचे आहेत. त्यातले दोन दीडच्या वर आहेत, ते मुद्दाम ठळक छापले आहेत.

शेवटी, बाहेर नोंदणीच्या टेबलाशेजारी मी माझा घरचा इलेक्ट्रोड मांडून ठेवला आहे, बफरसकट. मध्यंतरात या. चहाच्या झुडपाला फ्लुओराइड आणि ॲल्युमिनियम दोन्ही मातीतून ओढून घ्यायची सवय आहे, त्यामुळे कोरा चहा आधी बफरशिवाय मोजू, मग बफर घालून. आकडा तुमच्या डोळ्यांदेखत चढेल. घाबरू नका, चहा सोडायला कुणी सांगत नाही! दुधाचा चहा मात्र माझ्याकडे नाही, तो मागच्या दाराशी काकूंकडे मिळेल.